सारखी आजारी पडणारी मुलगी

मानेवरची गाठ मला नाही, आईला सापडली. थंडीचे दिवस होते. रविवारी सकाळी अंगणात उन्हाला बसून ती माझ्या केसांना तेल लावत होती. चाळिशी ओलांडलेली मास्तरीण अजून आईकडून तेल लावून घेते, हा जबलपूरच्या रांझी भागातल्या आमच्या गल्लीत थट्टेचा विषय होता, पण मला त्याचं काही वाटत नसे. तिची बोटं कानामागून खाली उतरली आणि थांबली.

"हे काय होय?" तिने विचारलं.

"काय?"

"हे इथं. दुखून राहिलं का?"

दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे काही नसेल, असं मी म्हणाले. आईने पुन्हा बोट फिरवलं, मग दुसऱ्या बाजूलाही पाहिलं. तिकडेही एक होती, लहान. तिने वेणी घातली, तेलाची वाटी उचलली आणि आत जाऊन बाबांना म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे जायचं आहे हिला घेऊन." आमच्या घरात हे वाक्य इतक्या वेळा बोललं गेलं होतं की बाबांनी पेपरमधून मान वर न काढताच "बरं" म्हटलं.

मी वैशाली. एका शाळेत गणित शिकवते. माझ्यासारखंच काही ज्यांच्या घरात चाललं असेल, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे. औषधांची नावं आणि मात्रा इथे सापडणार नाहीत. ते तुमचे डॉक्टर सांगतील.

किती वेळा

माझे बाबा खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते, तयार मालाच्या तपासणीत. मी आणि माझा धाकटा भाऊ मनीष तिथल्या क्वार्टरमध्येच वाढलो. बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही रांझीत घर बांधलं. खाली आई, बाबा आणि मी, वर मनीष, त्याची बायको रश्मी आणि त्यांची सात वर्षांची मुलगी तन्वी.

लहानपणापासून मी सारखी आजारी. कान वाहायचा, सर्दी छातीत उतरायची, ताप यायचा. फॅक्टरीच्या दवाखान्यातले कंपाउंडर भैया मला लांबूनच ओळखायचे आणि मी दारात दिसले की "आ गई बिटिया" म्हणायचे. "नाजूक आहे," एवढंच सगळे म्हणत. मोठेपणी दोन वेळा टीबीची औषधं झाली. दोन्ही वेळा पक्कं काही सापडलं नव्हतं, पण खोकला होता, वजन उतरलं होतं, गाठी होत्या. मी कोणाला दोष देत नाही. आपल्याकडे एवढं सगळं एकत्र दिसलं की आधी टीबीच आठवतो.

या वेळीही सगळ्यांच्या मनात तेच आलं. फक्त जबलपूरच्या छातीच्या डॉक्टरांनी हात आखडता घेतला. ते म्हणाले, "तीसरी बार दवा देने से पहले गाँठ निकालकर देख लेते हैं." गाठ काढली, तपासणीला गेली. अहवालात काही गोष्टींचा मेळ बसेना, म्हणून त्यांनी आम्हाला नागपूरला रक्तविकारांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

डॉ. भुसारी मध्यम वयाच्या, बोलण्यात घाई नसलेल्या बाई. गाठीबद्दल बोलायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला न्यूमोनिया आतापर्यंत किती वेळा झाला?"

मला हसू आलं. मी गणित शिकवते, पण हा हिशेब मी कधी केला नव्हता. मी आईकडे पाहिलं.

आई सांगू लागली. तिला वर्षं आठवत नव्हती, प्रसंग आठवत होते. "मावशीच्या लग्नात झाला, हळदीच्या दिवशी भरती केलं होतं. मग मनीष पोटात होता तेव्हा. दहावीच्या परीक्षेत झाला, गणिताचा पेपर तापातच दिला हिनं. सासूबाई गेल्या त्या वर्षी. मग नोकरी लागली तेव्हा, शाळेत रुजू व्हायच्या आधी..." ती बोलत होती आणि डॉक्टर लिहीत होत्या. मध्येच त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नुसत्याच ऐकत राहिल्या.

आई थांबल्यावर त्यांनी विचारलं, "हे सगळं एकत्र कधी कोणी विचारलं होतं का?"

"नाही," आई म्हणाली. "प्रत्येक वेळचं प्रत्येक वेळी बरं व्हायचं ना."

त्यांनी रक्ताची एक साधी तपासणी लिहून दिली. रोगांशी लढणारी प्रथिनं रक्तात किती आहेत, ते पाहायची. मी आयुष्यात इतकं रक्त दिलं होतं, पण ही तपासणी कधी झाली नव्हती.

दोन नावं

निदानाच्या दिवशी आम्ही तिघं पुन्हा नागपूरला गेलो. डॉक्टरांच्या टेबलावर गणपतीची लहान मूर्ती आणि सॅनिटायझरची बाटली शेजारी शेजारी होती. मी बराच वेळ त्या दोघांकडेच बघत होते.

"दोन गोष्टी आहेत," त्या म्हणाल्या. "एक जुनी आहे, एक नवी. आधी जुनी सांगते. तुमच्या शरीरात संरक्षणाची प्रथिनं जवळजवळ बनतच नाहीत. ही कमतरता घेऊनच तुम्ही जन्माला आलात. म्हणून इतके न्यूमोनिया, म्हणून कान, म्हणून सगळं."

मला रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. चाळीस वर्षं मी नाजूक होते, निष्काळजी होते, स्वेटर न घालणारी होते, आइस्क्रीम खाणारी होते. ते सगळं एका वाक्यात गेलं. ज्यांना असा आजार आहे त्यांना हे कळेल: नाव मिळणं हीसुद्धा एक सुटका असते.

"आणि नवी?" बाबांनी विचारलं.

"गाठींमध्ये कॅन्सर आहे. लिम्फोमा."

बाबांनी हात मांडीवर ठेवला होता, तो टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी दोन्हींचा संबंध सांगितला. जी व्यवस्था बाहेरून आलेले जंतू ओळखते, तीच शरीरातल्या बिघडलेल्या पेशींवरही नजर ठेवते. ती जन्मतःच दुबळी असेल तर दोन्हीकडे लक्ष कमी पडतं. त्यातून सततच्या संसर्गामुळे गाठींना कधी विश्रांती नसते. म्हणून अशा लोकांना काही प्रकारचे कॅन्सर, विशेषतः गाठींचे आणि पोटाचे, इतरांपेक्षा जास्त होतात.

"जास्त म्हणजे सगळ्यांना नाही," त्या म्हणाल्या. "पुष्कळ लोकांना कधीच होत नाही. पण लक्ष ठेवावं लागतं. तुमच्या बाबतीत लक्ष ठेवायला आधी निदानच नव्हतं."

मी दहावीला संभाव्यता शिकवते. पिशवीत लाल चेंडू, निळे चेंडू. शक्यता जास्त आहे म्हणजे तसंच होईल असं नाही, हे वाक्य मी दर वर्षी फळ्यासमोर उभी राहून म्हणते. त्या दिवशी चेंडू आधीच बाहेर आला होता आणि माझं सगळं गणित मागून चालत येत होतं.

"म्हणजे हे बरं होते का?" बाबांनी विचारलं.

"लिम्फोमा बरा होण्याची चांगली शक्यता आहे. हा प्रकार औषधाला जुमानतो. मूळचं आहे ते बरं होत नाही, पण त्याला सांभाळता येतं. जी प्रथिनं बनत नाहीत ती दर महिन्याला शिरेतून देता येतात. दुसऱ्यांनी दिलेल्या रक्तातूनच काढलेली असतात."

औषध महाग असतं, त्याचा मार्ग काढावा लागतो. आम्हीही काढला. त्याबद्दल मला इथे एवढंच म्हणायचं आहे की लाज न बाळगता विचारा, मार्ग विचारणाऱ्यालाच सापडतो.

कच्चं रक्त

परतताना सिवनीच्या बाहेर आम्ही चहाला थांबलो. बाबा ड्रायव्हरशी बोलायला उतरले. आई माझ्या शेजारी गाडीतच बसून होती.

"माझंच काही चुकलं," ती म्हणाली.

"आई, तू काय केलंस?"

"तू पोटात होती तेव्हा मला मलेरिया झाला होता. कडक गोळ्या घेतल्या. सासूबाई म्हणायच्या, घेऊ नको. आणि आमच्या घरी दमा आहेच. तुझ्या मामाला आहे."

माझी आजी, बाबांची आई, मला आठवते. प्रेमळ होती, पण मी आजारी पडले की ती सर्वांसमोर म्हणायची, "हिच्या माहेरचं रक्तच कच्चं. पोरीत उतरलं." पाहुणे असोत, शेजारीण असो, हे वाक्य यायचंच. आई त्या वेळी कणीक मळत असली तर मळतच राहायची. आजी गेली तरी वाक्य गेलं नाही. आत्या म्हणायची, काकू म्हणायची, नंतर कोणी मोठ्याने म्हणेनासं झालं, पण सगळ्यांनी ते मान्य करून ठेवलं होतं. मीसुद्धा. बाबांनी स्वतः ते कधी म्हटलं नाही. कधी खोडूनही काढलं नाही.

"डॉक्टरांनी असं काही म्हटलं का?" मी आईला विचारलं.

"त्यांनी नाही म्हटलं. पण कुठून तरी आलं असेलच ना."

बाबा चहाचे कप घेऊन खिडकीशी आले, तेव्हा ती गप्प झाली.

बाहीची बटणं

उपचार जबलपूरलाच सुरू झाले. डॉ. भुसारी फोनवर इथल्या डॉक्टरांना सांगत. दर तीन आठवड्यांनी केमो, आणि मध्ये प्रथिनांची बाटली. केमोच्या खोलीत मागे कलणाऱ्या खुर्च्या होत्या. मला खिडकीजवळची आवडायची. सकाळी रक्त तपासायचं, आकडे बरे आले तर सुई लागायची, नाहीतर घरी परत. घरी परत पाठवलं की मला आनंद व्हायचा आणि मग आनंद झाल्याची भीती वाटायची.

शेजारच्या खुर्चीत बऱ्याचदा शबाना आपा असत. गोहलपुरात त्यांचं शिवणकामाचं छोटं कारखानेवजा दुकान, स्तनाच्या कॅन्सरवर उपचार चाललेले. पहिल्या दिवशी मला रडवेली झालेली पाहून त्या म्हणाल्या, "मैडम, रोना हो तो सुई लगने से पहले रो लीजिए. बाद में हाथ हिलता है, नस सरक जाती है." मी खरंच आधी रडून घेतलं. त्यांनी तोवर सिस्टरला बोलण्यात गुंतवलं.

माझ्या कुर्त्यांच्या बाह्या अरुंद होत्या. दर वेळी बाही वर सरकवताना ओढाताण व्हायची. पुढच्या खेपेला आपा एक कुर्ता घेऊन आल्या, निळ्या सुती कापडाचा, उजवी बाही मनगटापासून खांद्यापर्यंत बटणांनी उघडणारी. माप त्यांनी नजरेनेच घेतलं होतं. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "सिर्फ सीधा हाथ खोला है. उल्टे की नस आपकी वैसे भी नहीं मिलती." ते खरं होतं.

अशा लहान लहान गोष्टींनीच मी त्या महिन्यांतून पार पडले. मोठ्या धीराच्या गोष्टी मला फारशा उपयोगी पडल्या नाहीत. "तू लढवय्यी आहेस" असं कोणी म्हटलं की मला थकवा यायचा. सुईनंतर तोंडाला येणारी लोखंडाची चव वेलदोड्याने जाते, हे ज्याने सांगितलं त्याचे उपकार मी विसरणार नाही.

घरात बाबांनी स्वच्छतेचं खातं हाती घेतलं. आयुष्यभर त्यांनी फॅक्टरीत माल तपासून पास किंवा नापास केला होता, आता ते सफरचंदं करत. डाग असलेलं फळ घरात येत नसे. आईने दाराशी खुर्ची टाकली होती. भेटायला येणाऱ्यांना ती तिथेच बसवून चहा द्यायची आणि गोड बोलून परत पाठवायची. "तिला पाहून घ्या खिडकीतून, हात हलवेल ती." मी हात हलवायची. खमरियाच्या रेंजवर तोफगोळ्यांची चाचणी झाली की खिडकीच्या काचा थरथरायच्या. बाहेरगावचा पाहुणा दचकायचा, आम्ही नाही.

ताप

मध्यावर ताप आलाच. केमोनंतर आकडे खाली जातात तेव्हा ताप म्हणजे उशीर न करता रुग्णालय, हे मला पाठ होतं. तरी थर्मामीटर पाहून मी तो पुन्हा लावला, पुन्हा पाहिला. दुसऱ्यांदा लावण्यात गेलेला तो वेळ वाया जातो. तुम्ही तसं करू नका.

एकट्याच्या खोलीत ठेवलं. आत येणाऱ्या प्रत्येकाला मास्क, गाऊन. लोकांना वाटतं की मी तेव्हा कॅन्सरला भीत असेन. मी सर्दीला भीत होते. ज्याचं शरीर स्वतःचं संरक्षण करत नाही, त्याला कॅन्सरचं औषध उरलंसुरलंही काढून घेतं. श्वास घेताना डाव्या बाजूला टोचायचं आणि मला जुने सगळे न्यूमोनिया आठवायचे, मावशीच्या लग्नातली हळद, गणिताचा पेपर. या वेळी जमणार नाही, असं एका दुपारी मला अगदी शांतपणे वाटलं. घाबरायलाही जोर लागतो, तो नव्हता.

आई पलंगाशी बसली होती, डोळ्यांपर्यंत मास्क.

"काहून अशी बघून राहिली?" तिने विचारलं.

"काही नाही. थकले."

"थक मग. थकायला काही हरकत नाही. मी बसली आहे ना."

तिने माझ्या पायांवरचं पांघरूण सरळ केलं. त्यानंतर मला झोप लागली. ताप आणखी काही दिवस रेंगाळला आणि मग औषधांना मान देऊन उतरला. डॉक्टरांनी सांगितलं, प्रथिनांच्या बाटल्या आधीच सुरू होत्या म्हणून निभावलं.

वरचा मजला

डॉ. भुसारींनी निदानाच्या दिवशीच सांगितलं होतं की माझा आजार घराण्यात असू शकतो, तेव्हा भावाचीही तपासणी करून घ्या. मनीषने तो विषय टाळला. मी तापातून उठेपर्यंत कोणी काढलाही नाही.

तन्वीचा कान वाहायचा. हिवाळाभर ती खोकायची. माझ्या खोलीत यायला तिला बंदी होती, पण तिचा खोकला जिन्यावरून खाली यायचा. तो आवाज मला ओळखीचा वाटायचा आणि मी कूस बदलायची.

एका दुपारी रश्मी दारात येऊन उभी राहिली. ती इथलीच, हिंदी घरातली. मराठी समजतं, बोलायला लाजते. मास्क नीट करत म्हणाली, "दीदी, टेस्ट में क्या होता है? बहुत खून निकालते हैं क्या?"

"नाही. एक नळी. नेहमीसारखंच."

"इनको मैं कह-कहकर थक गई. कहते हैं, कुछ नहीं है, बच्चे तो बीमार पड़ते ही हैं." तिने मागे जिन्याकडे पाहिलं. "आपके बारे में भी सब यही कहते थे ना?"

मी मान हलवली.

संध्याकाळी मी मनीषला खाली बोलावलं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, बँकेत अधिकारी, पण आईबाबांसमोर अजून तसाच उभा राहतो.

"ताई, तू तुझं पाहा ना आता," तो म्हणाला. "तिला उगीच कशाला चिकटवायचं?"

"चिकटवत नाही. आहे का एवढं पाहायचं."

"आणि निघालं तर? सात वर्षांची आहे ती. उद्या तिच्या लग्नाच्या वेळी लोकांना काय सांगायचं?"

बोलून झाल्यावर त्याला कळलं की तो कोणाशी बोलतो आहे. माझी तीन स्थळं जुळत आली होती आणि तिन्ही मोडली होती, कारण चौकशी करणाऱ्यांना कोणीतरी सांगायचं, मुलगी सारखी आजारी असते. तो खाली बघू लागला. बाबा पेपर घडी करू लागले, झालेलीच घडी पुन्हा.

"मनीष," मी म्हटलं, "माझं लग्न निदानामुळे नाही मोडलं. तेव्हा निदान नव्हतंच. नुसता आजार होता."

तो वर गेला. जिन्यात त्याच्या चपलांचा आवाज बराच हळू होता. पुढच्या आठवड्यात रश्मीने सांगितलं की त्याने तिघांचीही नावं लॅबमध्ये दिली आहेत, आणि स्वतःची सुई आधी लावून घेतली, तन्वीला दाखवायला.

तन्वीच्या रक्तातली प्रथिनं कमी निघाली. माझ्याइतकी नाही, पण कमी. मनीषची थोडी कमी. रश्मीची नीट होती. तेव्हा डॉ. भुसारींनी आमच्या सगळ्यांचे, आईबाबांचेही, नमुने जनुकांच्या तपासणीला पाठवले.

कोणाकडून

ते निकाल यायच्या आधी माझी केमो संपली आणि स्कॅन झाला. गाठी गेल्या होत्या. इथल्या डॉक्टरांनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी ठेवून दाखवली. पहिल्यात मानेत आणि छातीत दिवे लागल्यासारखं दिसत होतं, दुसऱ्यात अंधार. "आता लक्ष ठेवायचं," ते म्हणाले. घरी आल्यावर मी सरळ झोपले आणि संध्याकाळी उठून चहा मागितला. आनंद असाच, थोडा उशिरा आला.

मग एका दुपारी डॉ. भुसारींचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही सगळे खालच्या खोलीत जमलो. मनीषने फोन टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला.

त्यांनी सोपं करून सांगितलं. एका जनुकात बदल आहे. तो वैशालीत आहे, मनीषमध्ये आहे, तन्वीत आहे. हा बदल असलेला प्रत्येक माणूस आजारी पडतोच असं नाही. कोणाला खूप त्रास होतो, कोणाला थोडा, कोणाला जन्मभर काहीच नाही.

"आणि तो आला आहे वडिलांकडून," त्या म्हणाल्या. "आईंमध्ये तो बदल नाही."

बाबांना आयुष्यात साधा ताप आल्याचं कोणाला आठवत नाही. पंच्याहत्तरीच्या घरात आहेत, अजून सायकलवर भाजी आणतात. ते फोनच्या पडद्याकडे बघत राहिले.

"माझ्याकडून?" त्यांनी विचारलं. "पण मला तर काही नाही."

"काहींना होत नाही, काका. यात कोणाची चूक नसते. पण तुमच्याही पोटाची तपासणी आता एकदा करून घेऊ."

फोन बंद झाला. रश्मीने तन्वीला वर नेलं. मनीष आईकडे पाहायला धजत नव्हता. मीही नव्हते. मला वाटलं ती रडेल, किंवा रागावेल, आणि धजत नसले तरी मला दोन्ही पाहायचं होतं.

आई पदराशी चाळा करत बसली होती. ती म्हणाली, "आता कोणाला सांगायचं? सासूबाई तर गेल्या."

आणि ती उठून गॅसवर दूध ठेवायला गेली.

आता

तन्वीला प्रथिनं सुरू झाली आहेत. महिन्यातून एकदा आम्ही दोघी एकाच दिवशी जातो, शेजारी शेजारी बसतो. ती माझ्या फोनवर गाड्यांचे खेळ खेळते आणि बाटली संपायच्या आधी सिस्टरला बोलावते. तिचा कान कोरडा आहे. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे की तिच्या पोटावर आणि गाठींवर लहानपणापासून नजर राहील. मला जे एकेचाळिसाव्या वर्षी कळलं ते तिला सातव्या वर्षी कळलं. पुढे काय होईल ते कोणी सांगू शकत नाही. पण आधी कळणं किती मोठं आहे, हे मी तिला एक दिवस फळा-खडू घेऊन समजावणार आहे.

माझी दर वर्षी तपासणी असते, पोटात दुर्बीण घालून पाहणंही त्यातच आलं. त्या आठवड्यात मी चिडचिड करते, घरचे सांभाळून घेतात. शाळेत परत गेले आहे. पहिल्या बाकावर खोकणाऱ्या मुलाला मागे बसवते आणि त्याचं कारणही सांगते. तुमच्या घरात एखादं मूल सारखं आजारी पडत असेल, प्रत्येक वेळी बरं होऊन पुन्हा पडत असेल, तर सगळे आजार एका दमात एका डॉक्टरांना सांगा. एक साधी रक्ततपासणी मागा. नाही निघालं तर उत्तमच.

बाबांबद्दल सांगायचं राहिलं. त्या कॉलनंतर ते खूप दिवस गप्प होते. तपासणीला मुकाट्याने गेले, काही निघालं नाही, तरी गप्पच. मग या हिवाळ्यात, मटाराच्या दिवसांत, आई खोलीच्या मध्यभागी सुपात शेंगा घेऊन बसली होती. मी मदतीला होते. बाबांनी फोन लावला, नागपूरला त्यांच्या मोठ्या बहिणीला, माझ्या आत्याला. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात.

हवापाण्याचं झाल्यावर ते म्हणाले, "ताई, एक सांगायचं होतं. वैशूचं जे आहे ते माझ्याकडून आलं. आपल्या घरातलं आहे. हिच्या माहेरचं काही नाही."

मग आत्या म्हणाली, "असं का? डॉक्टर म्हणाले?"

"डॉक्टर म्हणाले. पण डॉक्टर म्हणाले म्हणून फोन नाही केला. आपली आई म्हणायची तेव्हा मी तिथंच बसलो असायचो. म्हणून केला."

आईचे हात चालूच होते. दाणे सुपात पडत होते, सालं पेपरवर.

"वहिनीला दे फोन," आत्या म्हणाली.

बाबांनी फोन पुढे केला. आईने हात पदराला पुसले, फोन घेतला आणि स्पीकर बंद केला. मला फक्त तिचीच बाजू ऐकू आली.

"हो ताई... नाही, नाही, जाऊ द्या... मी आता काही मनात नाही ठेवलं... हो, तन्वी बरी आहे, शाळेत जाऊन राहिली रोज... तुम्ही पण एकदा तपासून घ्या ताई. मुलांचंही करा. साधं रक्त असते... मी येते तुमच्यासोबत, घाबरू नका."